धुतलेली पाकिटं

सुरीताईचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणाऱ्याशिवाय ते कोणाला ठाऊक नव्हतं. कचरा निवडण्याच्या कारखान्यात ती अकरा वर्षं कामाला होती आणि तिचं काम एकच. यंत्राच्या पोटात शिरायचं आणि दांड्यांना गुंडाळलेलं मऊ प्लॅस्टिक कापून काढायचं.

यंत्र म्हणजे एकामागे एक लावलेले चौदा लोखंडी दांडे आणि प्रत्येकावर तव्याएवढ्या चकत्या. दांडे फिरले की पुठ्ठे चकत्यांवरून उड्या मारत पुढे जात, डबे-बाटल्या फटींतून खाली पडत. पिशव्या आणि खाऊची पाकिटं मात्र धड पुढेही जात नसत आणि खालीही पडत नसत. कंगव्यात केस गुंतावेत तशी ती दांड्यांना गुंडाळत. दर अडीच तासांनी मुकादम भोंगा वाजवून यंत्र थांबवी, वीज तोडून किल्ली स्वतःच्या खिशात टाकी, आणि सुरीताई अन् तिच्या दोघी सोबतिणी वाकड्या पात्याच्या सुऱ्या घेऊन आत उतरत. वीस मिनिटं नुसती कापाकापी. बाहेर काढलेला तेलकट, आंबूस गुंता वेगळ्या ढिगात पडे. त्याचे गठ्ठे बांधले जात आणि ते सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जळायला जात. सुरीताईला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कापता कापता ती सोबतिणींशी गुडघेदुखीवर गप्पा मारी.

घरी ती आणि सासरे, दोघंच. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवी. महिन्यातून दोनदा येई, झोपे, जेवे आणि पुन्हा जाई. सासऱ्यांनी टपाल खात्यात चौतीस वर्षं पत्रं लावली होती, म्हणजे गावोगावची पाकिटं त्या त्या खणात टाकली होती. इमारतीत त्यांना सगळे टपालकाका म्हणत. सासूबाई होत्या तोवर या माणसाने कधी कप विसळला नव्हता. त्या गेल्या, आणि दोन महिने हे खिडकीशी खुर्ची टाकून गप्प बसले. मग एक दिवस उठून मोरीशी गेले आणि भांडी घासू लागले. सुरीताईने अडवलं नाही.

भांड्यांवरून गाडी पाकिटांवर आली. एका संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा दोरीवर बिस्किटांचं पाकीट चिमटा लावून वाळत टाकलेलं होतं. तीन बाजूंनी उघडलेलं, आतून-बाहेरून धुतलेलं.

"यावर तीन बाणांचं चक्र आहे," सासरे म्हणाले. "म्हणजे याचं पुन्हा काहीतरी होतं. तू तिकडेच जातेस ना? घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी तिने ते नेलं. मुकादम हसला. "धुऊन आणलंय? इस्त्री करून आणलं असतं तरी जाळायच्याच गठ्ठ्यात गेलं असतं, ताई."

संध्याकाळी सासऱ्यांनी दारातच विचारलं, "दिलंस?"

"दिलं."

हे काही खोटं नव्हतं. कुठे दिलं, ते त्यांनी विचारलं नव्हतं. शिवाय दोन महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. चार दिवसांनी सांगू, असं तिने ठरवलं. चार दिवसांचे चार महिने झाले, आणि बघता बघता अडीच वर्षं.

तेवढ्या काळात सासऱ्यांनी व्हरांड्यात चार खोकी मांडली. प्रत्येकावर जाड अक्षरात चिठ्ठी: ताणणारी, चुरचुरणारी, चंदेरी, जाडी. अंगठ्याने पत्राचं वजन सांगणारा माणूस तो, पाकीट नुसतं चोळून आवाजावरून ते कुठल्या खोक्यातलं हे त्यांना कळे. तळमजल्यावरच्या शिंपिणीने दोरीवरचे चिमटे पाहिले आणि चौकशी केली. तिचं ऐकून औषधवाला आला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई तर स्वतःच्या साबणाने धुतलेली पाकिटं रुमालासारखी चौपदरी घडी करून आणून देऊ लागल्या. वर्षभरात सोळाच्या सोळा घरं सामील झाली. सासरे जिन्यात उभे राहून नव्या माणसाला शिकवत: कोमट पाणी, साबणाचा एकच थेंब, आणि सुकल्याशिवाय घडी नाही.

दर शनिवारी सुरीताई दोन पोती घेऊन सकाळच्या बसला उभी राही आणि कारखान्यात गेल्यावर आपल्या हाताने ती जाळायच्या ढिगात रिकामी करी.

"तुझ्यामुळे, बाई, आमचा कचरा सत्कारणी लागतो," शिंपीण म्हणे. सुरीताई तोंडात मिठाची गुळणी धरून जिना चढे. पुढे पुढे ती शिंपिणीचं यंत्र चालू असल्याचा आवाज ऐकूनच तिच्या दारावरून जाऊ लागली, कारण तेव्हा शिंपीण मान वर काढत नसे.

मग एका शुक्रवारी चहा पिताना सासरे म्हणाले, "येत्या गुरुवारी आम्ही नऊ जण तुझा कारखाना बघायला येतोय. मी अर्ज केला होता, मंजूर झाला."

सुरीताईच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

सहा दिवस होते. रविवारी तिने सुरुवात केली, "बाबा, तिथे वास फार येतो."

"टपालाच्या पोत्यांनाही यायचा."

सोमवारी ती म्हणाली, "तिथे आलेलं सगळंच काही उपयोगात येत नाही."

"कुठेच सगळं येत नाही," सासरे चष्मा पुसत म्हणाले, आणि नव्याने आलेली पाकिटं खोक्यांत लावू लागले. त्यापुढे तिची जीभ रेटली नाही. बुधवारी तिने मुकादमालाच गळ घातली. तो वाईट माणूस नव्हता, पण सरळ होता. "विचारलं तर सांगणार, ताई. नाही विचारलं तर गप्प बसेन. खोटं मला जमत नाही, नंतर लक्षात राहत नाही."

गुरुवारी पिवळी जाकिटं घातलेली नऊ माणसं यंत्रावरच्या लोखंडी पुलावर चढली. बाटल्यांच्या गठ्ठ्यांकडे, पुठ्ठ्यांच्या डोंगराकडे पाहून सगळी खूश होती. तेवढ्यात भोंगा झाला. यंत्र थांबलं, मुकादमाने किल्ली खिशात टाकली, आणि सुरीताईला सुरी घेऊन आत उतरावंच लागलं. ती दोन दांड्यांच्या मध्ये वाकलेली, आणि तिच्या डोक्यावर हातभर उंचीवर सगळी इमारत उभी.

"ही काय कापतेय?" शिंपिणीचा आवाज.

"मऊ प्लॅस्टिक. पिशव्या, वेफर्सची, बिस्किटांची पाकिटं," मुकादम म्हणाला. "दांड्यांत अडकतात. कापून जाळायला पाठवतो."

"ती घाणेरडी असतात म्हणून. आमची धुतलेली येतात ती?"

मुकादमाने एकदा खाली पाहिलं. "तीही त्याच गठ्ठ्यात जातात, बाई."

सुरीताईने कापणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर मान वर करावी लागली असती.

"कधीपासून?" हा सासऱ्यांचा आवाज.

"पहिल्या दिवसापासून, काका."

"बरं," सासरे म्हणाले. "त्यांचं काम चालू द्या."

पुलावरून पावलं उतरत गेली. अजून तेरा मिनिटांचं काम बाकी होतं. सुरीताईने ते पुरं केलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जेवण झाकून ठेवलेलं होतं. "तुम्ही जेवून घ्या," सासरे म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ते 'तुम्ही' तिला कानाखाली बसल्यासारखं लागलं.

इमारतीत व्हायचं ते झालं. "अडीच वर्षं आमच्याकडून भांड्यांसारखी पाकिटं घासून घेतली!" शिंपीण जिन्यात म्हणाली, मुद्दाम मोठ्याने. औषधवाल्याने कागदावर हिशोब मांडला की एवढ्या काळात सोळा घरांनी किती बादल्या पाणी मोरीत सोडलं, आणि तो कागद खालच्या दारावर चिकटवला. कोणीतरी चारही खोकी लाथेने एका कोपऱ्यात सरकवली. सासऱ्यांनी ती उचलून घरात आणली. नवरा त्याच आठवड्यात येऊन गेला. दोघांच्या मधल्या शांततेत तो दोन दिवस जेवला आणि नेहमीपेक्षा अर्धा दिवस आधी निघाला.

नवव्या दिवशी सासरे स्वयंपाकघरात आले. हातात वेफर्सचं पाकीट, चोळामोळा झालेलं.

"गरम पाण्यात ठेवलं. स्पिरिट लावलं. ब्लेडने खरवडलं," ते म्हणाले. "हे सुटत नाही."

सुरीताईने गॅस बंद केला आणि ती त्यांच्यासमोर बसली. "नाहीच सुटत. ते एक दिसतं, पण एक नसतं. आत गुळगुळीत आहे तो एक थर, तो चिकटून पाकीट बंद होतं. मध्ये चंदेरी तो दुसरा. छपाई असते तो तिसरा. आणि मध्ये मध्ये डिंक. वितळवायला घेतलं तर एक करपतं तरी दुसरं वितळलेलं नसतं."

"मग असं बनवतात कशाला?"

"आतला माल सहा महिने कुरकुरीत राहावा म्हणून."

"आणि ते तीन बाण?"

"ते प्लॅस्टिकची जात सांगतात. ते घेणारा कोणी आहे की नाही, ते नाही सांगत."

सासऱ्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. "हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुम्ही दोन महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतंत. मला ते बंद पाडवेना."

त्यांनी ते पाकीट तळहाताने सपाट केलं. मग म्हणाले, "पत्ता न लागलेलं पत्र मी कधी फेकलं नाही. पण ते पोचलं, असंही कधी कोणाला सांगितलं नाही. तुला कळतंय मी काय म्हणतोय ते?"

"कळतंय, बाबा."

"आता खरं सांग. या चार खोक्यांतलं काहीच चालत नाही?"

तिने पहिल्या खोक्यात हात घातला आणि पावाची पिशवी दोन्ही हातांनी ओढली. ती फाटली नाही, लांबली. "हे सगळं एकाच जातीचं असतं. पावाच्या पिशव्या, गोठवलेल्या मटारच्या, दुकानात बाटल्यांच्या खोक्यांभोवती गुंडाळलेलं असतं ते. गावाबाहेर एक बाई पाइप बनवते, ती घेते म्हणे. पण सुटं हवं, कोरडं हवं आणि भरपूर हवं. आमच्याकडे सगळ्यात कालवून येतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही."

दुसऱ्याच दिवशी दोघं पाइपवाल्या बाईकडे गेली. बाई उंच, घाईत असलेली, कानावर पेन्सिल अडकवलेली. तिने सासऱ्यांच्या पिशव्या ओढून पाहिल्या, हुंगून पाहिल्या, काडी लावून एकीचा कोपरा जाळूनही पाहिला.

"माल चांगला आहे. पण मूठभर मालासाठी मी यंत्र लावत नाही. दोनशे किलोचा गठ्ठा आणा. तेल नको, चिठ्ठी नको, ओल नको. आणि दुसऱ्या जातीचं एक पाकीट जरी आत आलं तरी सगळा गठ्ठा परत."

परतीच्या बसमध्ये सासऱ्यांनी तोंडी गणित केलं. एक पिशवी सहा-सात ग्रॅमची. म्हणजे तीस हजार पिशव्या. सोळा घरांनी रोज पाव खाल्ला तरी काही वर्षं लागणार होती. "दुकानांशिवाय जमायचं नाही," ते म्हणाले. "उद्यापासून मी दुकानं धरतो. तू मुकादमाकडून एक कोपरा माग."

'तू' ऐकून सुरीताईने खिडकीबाहेर पाहिलं.

इमारतीतल्या लोकांना पुन्हा उभं करणं हे दुकानदारांपेक्षा अवघड निघालं. सासरे जिन्यात उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. मी न विचारता तुम्हाला कामाला लावलं." सुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही. औषधवाल्याने दार लावून घेतलं. शिंपीण म्हणाली, "या वेळी आधी लेखी आणा." त्यांनी पाइपवाल्या बाईकडून चार ओळी लिहून आणल्या, तेव्हा शिंपिणीने कागद दोनदा वाचला आणि स्वतःच्या दाराशी एक पिशवी टांगली. बाकीची तीन खोकी सासऱ्यांनी बंदच केली. कोणी चुरचुरणारं किंवा चंदेरी आणलं की ते परत देत.

"अहो, धुतलंय आम्ही!"

"धुतलंय ते दिसतंय. पण याला पत्ताच नाही, मी टाकू कुठल्या खणात?"

लोक चिडत. काही जणांनी नाद सोडला. पण कोपऱ्यावरचा वाणी बाटल्यांच्या खोक्यांवरचं जाड प्लॅस्टिक देऊ लागला, गादीच्या दुकानातून मोठमोठ्या खोळी येऊ लागल्या, आणि कारखान्यातल्या कोपऱ्यातला ढीग हळूहळू वाढला. दहा महिन्यांनी मुकादमाने जुन्या दाबयंत्रात त्याचा गठ्ठा बांधून दिला. दोनशे सहा किलो. सासरे तो बघायला आले आणि गठ्ठ्याभोवती एक फेरी मारून गेले.

गठ्ठा रवाना झाल्यावर सहाव्या दिवशी पाइपवाल्या बाईचा कारखान्यात फोन आला. कुठेतरी माशी शिंकली होती. मालात चंदेरी पाकिटं निघाली, तीही पावाच्या पिशव्यांच्या आत दडलेली. यंत्राची जाळी तुंबली, पाइपला भोकं पडली आणि बाईचा अख्खा दिवस वाया गेला. उरलेला गठ्ठा ती परत पाठवत होती.

गठ्ठा आला तसाच भट्टीच्या गाडीवर चढला. मुकादम म्हणाला, "काकांना इतक्यात सांगू नका, ताई. पुढच्या गठ्ठ्याच्या वेळी बघू."

सुरीताईने बाईने परत पाठवलेलं एक चंदेरी पाकीट खिशात घातलं आणि ती घरी आली. चपला काढण्याआधी, उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं. "बाबा, गठ्ठा परत आला. जळायला गेला."

सासरे खुर्चीत बसले. "किती?"

"उरला होता तेवढा सगळा."

"कशामुळे?"

तिने पाकीट पुढे केलं. चौपदरी घडी, कडा कडांना जुळवलेल्या. दोघांनीही ती ओळखली. सासरे चष्मा लावून तिसऱ्या मजल्यावर गेले. मागोमाग सुरीताईही गेली, कारण त्यांचा आवाज चढेल अशी तिला भीती होती. आवाज चढला नाही.

"अहो, आतून कसं आरशासारखं लखलखीत होतं," आजीबाई म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणालात, पण टाकवेना हो. वाटलं, एवढ्यातल्या एवढ्यात कोणाला कळतंय? जाईल कुठेतरी चांगल्या जागी." मग त्यांनी दोघांकडे पाहिलं. "काही बिघडलं का त्याने?"

सुरीताईला वाटलं, सासरे 'नाही' म्हणतील. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला दुसरं काय सांगायचं?

"हो, बिघडलं," सासरे म्हणाले. "दहा महिन्यांचं काम गेलं." आणि मग त्यांनी तिथेच बसून, आजीबाईंच्याच टेबलावर, त्यांना थरांची गोष्ट समजावून सांगितली. आजीबाई थोड्या रडल्या. मग त्यांनी चहा केला. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज दुपारी खाली येऊन बसू लागल्या आणि सासऱ्यांबरोबर प्रत्येक पिशवी उलटी करून तपासू लागल्या. त्यांची नजर अधू झाली होती, पण बोटं तरबेज होती.

दुसरा गठ्ठा आठ महिन्यांनी गेला. या वेळी फोन आला तो फक्त "मिळाला, चालला" एवढंच सांगायला. त्याचे कुठल्याशा बागेसाठी काळे पाइप झाले. सुरीताईच्या दांड्यांना याने काडीचाही फरक पडला नाही. शहरातल्या पाकिटांपुढे दोनशे किलो म्हणजे दर्यात खसखस. तिने हे सासऱ्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "ठाऊक आहे," आणि तिसऱ्या गठ्ठ्याची तयारी चालू ठेवली.

पण तिसऱ्याच्या अर्ध्यावर गाडं पुन्हा अडलं. बेकरीवाल्याने गोल पावाची पिशवी बदलली. नवी पिशवी चुरचुरणारी, चकचकीत, मधोमध कागदाची पट्टी चिकटवलेली. ढिगात निम्मा माल गोल पावाच्या पिशव्यांचा असे. सासरे आणि सुरीताई बेकरीत गेली. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच बाहेर आला.

"काका, गिऱ्हाइकाला ही आवडते. आतला पाव दिसतो, खप वाढलाय."

"मीही गिऱ्हाईकच आहे," सासरे म्हणाले.

"तुम्ही एक आहात."

वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. बराच वेळ रदबदली करून एवढंच ठरलं की चौकोनी पावाची जुनी पिशवी निदान पुढचं वर्षभर तरी तो बदलणार नाही. दोघं बाहेर पडली. सासरे सावकाश चालत होते. वय दिसत होतं.

"पुन्हा सगळ्यांना सांगायला हवं," ते म्हणाले. "पुन्हा नाही म्हणायचं. लोक म्हणतील, यांचं रोजचंच झालंय."

"तुम्ही बसा वर जाऊन. मी सांगते."

संध्याकाळी तिने पहिलंच दार शिंपिणीचं वाजवलं. शिवणयंत्र थांबलं. शिंपीण तोंडात टाचण्या धरून बाहेर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचली.

"म्हणजे आजपासून गोल पावाची नाही?"

"नाही."

"का ते नीट सांग. मला पुढे माझ्या गिऱ्हाइकांना सांगावं लागतं."

सुरीताई उंबऱ्यावर बसली, नवी पिशवी हातात घेऊन पट्टी दाखवली, चुरचुर ऐकवली, आणि पहिल्यापासून सांगू लागली. शिंपीण मधेच थांबवून म्हणाली, "थांब, चहा टाकते. अजून पंधरा दारं आहेत तुला."